एकाच पाण्यातील दोन बुड्या

जानेवारी २०२४ मध्ये देशाच्या पंतप्रधानांनी डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात श्वसननळी लावून लक्षद्वीपच्या निळ्या पाण्यात प्रवाळांचे दर्शन घेतले आणि ती छायाचित्रे देशभर झळकली. त्याच वर्षी केंद्र सरकारने सिंधुदुर्गच्या समुद्रातील एका प्रकल्पासाठी ४६ कोटी ९१ लाख रुपये मंजूर केले. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका समुद्रतळाशी न्यायची, तिच्याभोवती कृत्रिम प्रवाळभित्ती वाढवायची आणि पर्यटकांसाठी पाण्याखालचे संग्रहालय उभे करायचे, अशी ही योजना आहे. सारांश, पाण्याखाली उतरणे या गोष्टीला आपल्या राज्यकर्त्यांनी आता विकासाच्या कार्यक्रमात मानाचे स्थान दिले आहे. तिच्यासाठी पैसा आहे, जाहिरात आहे, धोरण आहे.

या उत्साहाला कोणी हरकत घेण्याचे कारण नाही. समुद्राचा तळ पाहावा ही इच्छा निरोगी आहे. हरकत आहे ती वेगळ्याच गोष्टीला. याच महाराष्ट्रात, मुंबईपासून हाकेच्या अंतरावर, भिवंडी तालुक्याच्या खाडीत, पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांची आणखी एक जात गेली कित्येक दशके नांदत आली आहे. त्यांच्या डोळ्यांवर मुखवटा नव्हता, पाठीवर हवेची टाकी नव्हती, आणि तळाशी त्यांची वाट पाहणारे रंगीत मासेही नव्हते. त्यांना तळाशी वाळू भरायची होती. त्यांच्या बुडीकडे मात्र कोणत्याही मंत्र्याचे, कोणत्याही महामंडळाचे लक्ष गेले नाही. असे का, हा प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने विचारला पाहिजे.

मालवणची बुडी

आधी मालवणकडे पाहू. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. आपल्या पिढीजात मासेमारीवर बंधने येतील या भीतीने स्थानिक मच्छिमारांनी त्याला विरोध केला, आणि तो विरोध दीर्घकाळ टिकला. पुढे याच पाण्यात स्कूबा आणि स्नॉर्केलिंगचा व्यवसाय वाढला. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाने पाणबुड्यांच्या प्रशिक्षणाची संस्था काढली. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने चाललेल्या प्रकल्पातून मच्छिमार कुटुंबांतील तरुणांना या कामाचे शिक्षण मिळाले.

मालवणला येणारा पर्यटक बहुधा पोहता न येणारा असतो. म्हणून प्रशिक्षित माणूस त्याच्यासोबत खाली जातो आणि त्याचा हात एक क्षणही सोडत नाही. सुव्यवस्थित केंद्रात पर्यटकाकडून आधी एक आरोग्यपत्रक भरून घेतात. दमा आहे काय, हृदयविकार आहे काय, कान दुखतो काय, सर्दी झाली आहे काय, अशी त्यात विचारणा असते. कान दुखू लागला तर कोणती खूण करायची हे त्याला किनाऱ्यावरच शिकवले जाते. नवशिक्याला १२ मीटरपेक्षा खोल नेऊ नये, असा आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणसंस्थांचा दंडक आहे. १२ मीटर म्हणजे सुमारे ४० फूट.

हे सारे योग्यच आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा राज्यभर खळबळ उडाली, चौकशीची मागणी झाली, परवान्यांची, जीवरक्षक जाकिटांची चर्चा झाली. माणसाचा जीव पाण्यात गेला की समाजाने असेच अस्वस्थ झाले पाहिजे.

भिवंडीची बुडी

आता कशेळी, काल्हेर या बाजूच्या खाडीकडे वळू. जुन्या आग्रा रस्त्यावरून ठाण्याहून भिवंडीला जाणाऱ्याला आज या गावांत गोदामांच्या रांगाच रांगा दिसतात. पण या किनाऱ्याची दुसरी ओळख रेतीबंदराची आहे. मुंबई आणि ठाणे ज्या वाळूवर चढत गेले तिच्यातील मोठा वाटा या खाडीने दिला, आणि तो दिला माणसांच्या फुप्फुसांच्या बळावर.

ही वाळू काढण्याची रीत अशी होती. खाडीत नाव उभी करायची, तळापर्यंत लांब बांबू रोवायचा, त्याला धरून एकाने लोखंडी बादली घेऊन खाली जायचे. ३०-४० फूट खाली गडद अंधार. भिवंडीतल्या रंगकाम कारखान्यांचे पाणी कामवारी नदीतून ज्या खाडीत येते, शहरांचे मैलापाणी जिच्यात उतरते, तिच्या तळाशी काय दिसणार? दिसण्याचा प्रश्नच नव्हता, सारे काम हातांच्या स्पर्शावर. चाचपडत बादली भरायची, वर खूण करायची, वरच्या साथीदारांनी दोरीने बादली ओढायची, आणि छाती फुटायच्या आत पाणबुड्याने पृष्ठभाग गाठायचा. एक श्वास, एक बादली. मग पुन्हा खाली. भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाप्रमाणे दिवसभर हेच. शंभर घनफुटांचा एक ब्रास भरायला असे किती श्वास लागत असतील, याचा हिशेब ठेकेदाराच्या वहीत नसतो. तेथे ब्रास लिहिले जातात, श्वास नाहीत.

या माणसांना 'डुबीवाले' म्हणतात. त्यांच्यातील पुष्कळसे उत्तर प्रदेश-बिहारकडून पोटासाठी आलेले. शासनाला ते ठाऊक नाहीत असेही नाही. राज्याच्या वाळू धोरणांत 'हातपाटी-डुबी पद्धत' हा शब्दप्रयोग वारंवार येतो. त्या पद्धतीने वाळू काढण्याचे परवाने आहेत, प्रति ब्रास स्वामित्वधन आहे, ते कोणत्या खात्यात भरायचे याचे नियम आहेत. सरकारी कागदावर डुबी ही एक 'पद्धत' आहे. डुबी मारणारा माणूस मात्र कागदावर सापडत नाही.

येथे एका साध्या आकड्याकडे लक्ष वेधले पाहिजे. मालवणच्या नवशिक्या पर्यटकासाठी जी खोलीची कमाल मर्यादा ठरली आहे, म्हणजे ४० फूट, तीच भिवंडीच्या डुबीवाल्याची रोजची कामाची जागा. पर्यटक तेथे आयुष्यात एकदा जातो, टाकीतल्या हवेवर, कोणाचा तरी हात धरून. डुबीवाला तेथे दिवसातून कितीतरी वेळा जातो, नुसत्या छातीतल्या हवेवर, एकटा. पर्यटक या अनुभवासाठी पैसे मोजतो आणि त्याला साहस म्हणतात. डुबीवाला पोटासाठी हेच करतो तेव्हा तिला मजुरी म्हणतात, आणि तीही अकुशल.

शास्त्र कोणाच्या देहावर लिहिले गेले?

पाण्याचा दाब गरीब-श्रीमंत पाहत नाही. दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटरवर छातीतील हवेचे आकारमान निम्मे होते. कानाच्या पडद्यावर ताण येतो, आणि सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडतो. म्हणूनच पाणबुड्यांचे शास्त्र सांगते की, सावकाश उतरा, कानातील दाब वरचेवर सारखा करा, दुखल्यास थांबा, सर्दी असेल तर उतरूच नका. यांतला एकही नियम डुबीवाल्याला परवडणारा नाही. सावकाश उतरला तर श्वास संपतो. थांबला तर बादली रिकामी येते. सर्दी झाली म्हणून घरी बसला तर चूल पेटत नाही. मग कान वाहू लागतात आणि ऐकू येणे मंदावते. घाण पाण्याने जंतुसंसर्ग होतो तो वेगळाच.

पर्यटकाला आज जी सुरक्षितता लाभते तिचे शास्त्र आकाशातून पडलेले नाही. पाण्याखाली जाणे ही माणसाची करमणूक होण्यापूर्वी हजारो वर्षे ते माणसाचे कष्ट होते. मन्नारच्या आखातात मोती आणि शंख काढणारे पाणबुडे, जपानच्या किनाऱ्यावरील 'अमा' स्त्रिया, ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरील स्पंज काढणारे लोक, हे सारे श्रमिकच होते. एकोणिसाव्या शतकात पाणबुड्याचा पोशाख आला, त्याबरोबर खोली आणि नफा वाढला, आणि स्पंज काढणाऱ्या बेटांवर पांगळ्या तरुणांची संख्या वाढली. १८७०च्या सुमारास अमेरिकेत मिसिसिपी नदीवर सेंट लुईसचा आणि त्यानंतर न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना नदीच्या तळाशी, दाबाखालच्या हवेत काम करणारे मजूर वर आले की वेदनेने वाकडे होत, काही लुळे पडत, काही मरत. त्या व्याधीचा अभ्यास होत होत १९०८ मध्ये हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने खोलीतून टप्प्याटप्प्याने वर येण्याचे कोष्टक प्रसिद्ध केले. फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतून बेताबेताने हवा सोडणारे उपकरण सिद्ध केले ते १९४३ मध्ये. आजचा हौशी पाणबुड्या ज्या ज्ञानाच्या आधाराने निर्धास्त खाली जातो, ते ज्ञान प्रथम मजुरांच्या मोडलेल्या सांध्यांवर लिहिले गेले. मग ते ज्ञान फिरून मजुराकडे का येत नाही? मालवणच्या किनाऱ्यापर्यंत आलेले हे शास्त्र काल्हेरच्या बंदरात का पोचत नाही?

उत्तर उघड आहे. ज्याच्या खिशातून पैसा येतो त्याच्या कानाची काळजी घेणे हा व्यवसायाचा भाग असतो. ज्याच्या श्रमातून पैसा येतो त्याचा कान फुटला तर दुसरा माणूस बंदरावर उभाच असतो.

कायद्याच्या फटी

कायदे नव्हते असे नाही. परंतु डुबीवाला प्रत्येक कायद्याच्या फटीतून खाली पडला. १९५२च्या खाण कायद्याने काही अटींवर साध्या वाळूच्या खाणींना आपल्या बहुतेक तरतुदींतून वगळले होते. १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात 'दाबाखालील हवेतील कामामुळे होणारे विकार' हे व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेले होते. पण डुबीवाल्याला दाबाखालची हवा कोठून मिळणार? त्याला हवाच मिळत नव्हती. १९९६च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला आणि त्यातून बांधकाम कामगारांचे कल्याण मंडळ उभे राहिले. महाराष्ट्रातील बांधकाम कामगारांच्या यादीत दगड फोडणारा आहे, आणि ते रास्तच आहे. पण ज्या वाळूवाचून सिमेंट कालवता येत नाही, ती खाडीच्या तळातून काढणाऱ्याला त्या उपकरातले काय मिळाले? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे त्यांत विलीन झाले. संहिता नवी असो वा जुनी, ज्याच्या कामाचा मालक कोण हेच सांगता येत नाही, त्याला ती लागू करणार कोण? परवाना एकाचा, नाव दुसऱ्याची, मुकादम तिसरा, आणि बुडणारा चौथा, ही रचनाच मुळी जबाबदारी बुडवण्यासाठी केलेली आहे.

दोन आक्षेप

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला पर्यावरणवाद्यांचा. वाळूउपशाने खाडी उद्ध्वस्त होते, पुलांच्या पायांना धोका पोचतो, माशांची पैदास घटते, तेव्हा असल्या धंद्याची बाजू समाजवाद्यांनी का घ्यावी? आक्षेपातील तथ्य नाकारण्याचे कारण नाही. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील वाळूउपशावर बंदी घातली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातील गौण खनिजांसाठीही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. हे निर्णय योग्यच होते. पण खाडीचा तळ खरवडला तो बादलीने की यंत्राने? डुबीवाल्याची बादली हटली आणि तिच्या जागी सक्शन पंप आले. हे पंप रात्रंदिवस चालतात आणि माणसांच्या एका टोळीला जेवढी वाळू काढायला दिवस लागेल तेवढी थोड्या वेळात उपसतात. महसूल खात्याची पथके अधूनमधून येतात, बार्ज जाळतात, पंप कापतात, छायाचित्रे काढतात. काही दिवसांनी नवे पंप येतात. भांडवल असणाऱ्याला बार्ज जळणे हा धंद्यातील एक खर्च असतो. डुबीवाल्याला बंदी म्हणजे उपासमार. पर्यावरणाच्या नावाने झालेल्या कारवाईत भांडवल वाचले आणि हात रिकामे झाले, हा त्या कारवाईवरचा खरा आरोप आहे. डुबीचा अमानुष धंदा तसाच चालू राहावा असे कोणी म्हणत नाही. तो संपावाच. पण तो माणसाला पर्याय देऊन संपावा, माणसाला फेकून देऊन नव्हे.

दुसरा आक्षेप विकासवाद्यांचा. पर्यटनाने रोजगार मिळतो, मग त्याच्या नावाने कुरकुर कशासाठी? रोजगार मिळतो, हे खरे. पण त्या रोजगाराची मालकी कोणाकडे जाते हे पाहिले पाहिजे. मालवणचा जो तरुण पर्यटकाचा हात धरून खाली जातो, तो बहुधा रापणकाराचा किंवा छोट्या होडीवाल्याचा मुलगा आहे. मोठ्या यांत्रिक बोटींच्या पर्ससीन जाळ्यांनी किनाऱ्यालगतचा मासा ओरबाडला. त्यावर निर्बंध घालणारा आदेश निघाला तो ५ फेब्रुवारी २०१६ रोजी, तोही मच्छिमारांनी वर्षानुवर्षे लढल्यावर. मासा गेला म्हणून मुलगा पर्यटनात आला. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की त्याची कमाईही बंद. उद्या मोठे भांडवल या पाण्यात उतरेल तेव्हा होडीचा मालक असलेल्या बापाचा मुलगा कोणाचा तरी रोजंदार होईल. लक्षद्वीपमध्ये या वाटेची चुणूक दिसली आहे. २०२१ मध्ये तेथील प्रशासनाने आणलेल्या विकास प्राधिकरणाच्या मसुद्यात विकासासाठी कोणतीही जमीन ताब्यात घेण्याचे व्यापक अधिकार होते, आणि किनाऱ्यावरील मच्छिमारांच्या झोपड्या पाडल्या गेल्या. ज्या प्रवाळांच्या नावाने हे चालले आहे, ते प्रवाळ १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये समुद्राच्या वाढत्या उष्णतेने पांढरे पडले. तिकिटे विकून ते वाचणार नाहीत. वाचवायचेच असतील तर ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांच्या हाती पाण्याचा कारभार द्यावा लागेल.

तेव्हा मालवणचा वाटाड्या आणि काल्हेरचा डुबीवाला हे दोघे परस्परांचे प्रतिस्पर्धी नाहीत. एकाला दाखवून दुसऱ्याला लपवण्याची सोय राज्यकर्त्यांनी करून घेतली आहे, एवढेच.

काय मागायचे?

भिवंडीच्या कार्यकर्त्यांना हा प्रश्न परका वाटू नये. या शहरात कान दोन ठिकाणी जातात. यंत्रमागाच्या खडखडाटात बारा-बारा तास उभा राहणारा कामगार काही वर्षांत बहिरेपणाकडे झुकतो, आणि खाडीत डुबी मारणारा पाण्याच्या दाबाने. दोघांच्याही कानांची तपासणी होत नाही, दोघांच्याही हजेरीचा कागद सापडत नाही. म्हणून मागण्याही जोडीने मांडल्या पाहिजेत.

पहिली मागणी, भिवंडी, ठाणे आणि वसई पट्ट्यातील खाड्यांत डुबीचे काम केलेल्या सर्व आजी-माजी मजुरांची गावोगाव नोंद व्हावी. ठेकेदाराच्या दाखल्याची अट नको, सोबतच्या मजुरांची साक्ष पुरेशी मानावी. दुसरी, त्यांच्या कानांची आणि फुप्फुसांची सरकारी रुग्णालयात विनामूल्य तपासणी व्हावी, आणि हीच सोय यंत्रमाग कामगारांच्या कानांसाठीही असावी. तिसरी, बांधकाम कामगारांच्या यादीत डुबीवाल्याचे नाव स्पष्ट शब्दांत घालून उपकराच्या निधीतून त्याला निवृत्तिवेतन आणि अपंगत्वाची भरपाई द्यावी. चौथी, १९६९च्या माथाडी कायद्याने मालक बदलत असला तरी मंडळ कायम ठेवून हमालाला संरक्षण देता येते हे महाराष्ट्रानेच सिद्ध केले आहे. जेथे परवान्याने डुबी अजून चालते तेथे तोच मार्ग अवलंबावा, आणि परवान्यात श्वसनसाधने, कामाचे तास व विमा यांची अट घालावी. पाचवी, पाणबुड्यांच्या सरकारी प्रशिक्षणात या लोकांना प्रथम प्रवेश द्यावा. बंदरांची, धरणांची, पुलांच्या पायांची पाण्याखालील तपासणी करायला प्रशिक्षित पाणबुडे लागतात. अंधारात, गढूळ पाण्यात, केवळ स्पर्शाने काम करण्याचे जे कौशल्य या माणसांनी जीवावर उदार होऊन मिळवले, त्याला 'अकुशल' म्हणण्याचा निर्लज्जपणा आता थांबला पाहिजे. आणि मालवणसाठी मागणी एवढीच की, पाण्याखालील पर्यटनाचे परवाने मच्छिमारांच्या सहकारी संस्थांना मिळावेत, बाहेरच्या भांडवलाला नव्हे.

यावर कोणी म्हणेल, मग कामगाराने प्रवाळ पाहायचेच नाहीत काय? जरूर पाहावेत. समाजवाद म्हणजे सर्वांनी खाडीच्या चिखलात उतरावे असे नव्हे. भिवंडीच्या मागावरच्या माणसाला पगारी रजा असावी, त्याने मुलाबाळांना घेऊन मालवणला जावे आणि त्याच्या मुलीने मुखवटा लावून सिंधुदुर्गाच्या पायथ्याशी पाण्यातले मासे पाहावेत, यासाठीच तर आठ तासांच्या दिवसाची आणि साप्ताहिक सुट्टीची लढाई आहे. विश्रांती आणि आनंद हे थोड्या लोकांनी विकत घ्यायचे पदार्थ नाहीत.

परंतु त्या मुलीला समुद्राचा तळ दाखवण्यापूर्वी राज्यकर्त्यांनी एक हिशेब चुकता करावा. ज्या महानगराच्या भिंतींत भिवंडीच्या खाडीची वाळू आहे, त्याच्यावर डुबीवाल्यांच्या श्वासांचे कर्ज आहे. ४६ कोटींची नौका समुद्राच्या तळाशी नेण्याची तयारी ज्या सरकारजवळ आहे, त्याला तळाशी गेलेल्या माणसांना वर काढणे अशक्य असू नये. ते आपण होऊन हे करणार नाही. त्याला ते करायला लावणे हे बंदरावर, मागांवर आणि गोदामांच्या फाटकांशी उभ्या असलेल्या संघटनेचे काम आहे.